देखभाल क्षेत्राची आकारणी वाढवण्याची मतपत्रिका आली तर: कॅलिफोर्नियात घर घेतलेल्यांसाठी मार्गदर्शक

कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या माणसाला कधी ना कधी टपालाने एक जाडसर पाकीट येते. त्यावर शहराचा किंवा काउंटीचा पत्ता असतो आणि आत अधिकृत मतपत्रिका असल्याची सूचना ठळक इंग्रजी अक्षरांत छापलेली असते. ही अक्षरे १६ पॉइंटांपेक्षा लहान नसावीत असे राज्याच्या कायद्यानेच सांगितले आहे, आणि तरीही हे पाकीट जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर न उघडता टाकून दिले जाणे फार सोपे असते. वस्तीतील रस्त्यांच्या दुभाजकांवरची झाडे, पदपथालगतची हिरवळ, शोभेचे दिवे, उतारांवरची झुडपे आणि त्यांना पाणी देणारे नळ यांची निगा राखण्यासाठी तुमच्या मालमत्ता कराच्या बिलातून दरवर्षी जी रक्कम (‘आकारणी’) घेतली जाते, ती वाढवावी का, हा प्रश्न त्या पाकिटात असतो. उत्तर देण्याचा अधिकार मालकांना असतो. ही रक्कम थेट भरण्याची जबाबदारी ज्यांच्यावर नाही अशा भाडेकरूंना नसतो आणि शहराच्या इतर रहिवाशांनाही नसतो.

ज्यांच्या हाती ही मतपत्रिका पहिल्यांदाच पडली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. बे एरिया, सॅन डिएगो, अर्व्हाइन या भागांत मराठी कुटुंबांनी मोठ्या संख्येने घरे घेतली आहेत. त्यांपैकी अनेकांच्या घराचे पार्सल, म्हणजे करनोंदवहीत स्वतंत्र क्रमांक असलेली मालमत्ता, अशा एखाद्या देखभाल क्षेत्रात मोडते आणि बऱ्याच जणांना ते ठाऊकही नसते. येथे दिलेले नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. टेक्सास किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी ते आपल्याला लागू आहेत असे धरू नये.

पहिली पायरी: पाकीट कशाचे आहे ते नीट ओळखा

चार वेगवेगळ्या गोष्टींची येथे नेहमी गल्लत होते, आणि प्रत्येकीचे नियम निराळे आहेत.

पहिली म्हणजे तुमची एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना. ती खासगी संस्था आहे, तिची वर्गणी तुम्ही थेट तिला भरता, आणि राज्याच्या कायद्यानुसार तिचे संचालक मंडळ नियमित वर्गणी एका आर्थिक वर्षात २० टक्क्यांपर्यंत सभासदांचे मत न घेताही वाढवू शकते. दुसरी म्हणजे १९८२ च्या मेलो-रूस कायद्याखालील विशेष कर. त्या क्षेत्रात १२ किंवा त्याहून अधिक नोंदणीकृत मतदार राहत असतील तर कर बसवण्यासाठी मतदारांचीच निवडणूक होते आणि दोन-तृतीयांश मते लागतात. तिसरी म्हणजे पाणी, सांडपाणी किंवा कचरा यांच्या दरवाढीची सूचना. तिच्यात मतपत्रिका नसते; विरोध असल्यास लेखी निषेध पाठवायचा असतो, आणि निम्म्याहून अधिक पार्सलांचे निषेध आले तरच दरवाढ अडते. म्हणजे तेथे गप्प बसणाऱ्याचे मौन दरवाढीच्या पारड्यात जाते.

चौथी गोष्ट म्हणजे आपला विषय, देखभाल क्षेत्राची आकारणी. सॅन डिएगो शहरात अशा क्षेत्राला ‘मेंटेनन्स असेसमेंट डिस्ट्रिक्ट’ म्हणतात आणि बोलताना त्याचे ‘मॅड’ असे लघुरूप करतात. इतर बऱ्याच शहरांत ‘लँडस्केपिंग अँड लायटिंग डिस्ट्रिक्ट’ हे नाव आढळते. येथे मौनाला काहीच वजन नाही. परत आलेल्या मतपत्रिकाच मोजल्या जातात, न आलेल्या कोणत्याही बाजूला धरल्या जात नाहीत. पाण्याच्या दरवाढीची सूचना आणि आकारणीची मतपत्रिका यांतला हा फरक लक्षात न आल्यामुळे, विरोध असूनही पाकीट न पाठवणारे आणि पाठिंबा असूनही ‘होईलच मंजूर’ असे समजून स्वस्थ बसणारे, दोघेही सारखेच मोजणीबाहेर राहतात.

ओळखण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे ऑक्टोबरात येणारे मालमत्ता कराचे बिल. त्यात घराच्या मूल्यावर टक्क्याने लागणारा कर वरच्या भागात असतो आणि त्याखाली ठरावीक रकमांच्या ओळी असतात. सॅन डिएगो काउंटीच्या बिलावर त्या भागाला ‘फिक्स्ड चार्ज असेसमेंट्स’ आणि लॉस एंजेलिस काउंटीच्या बिलावर ‘डायरेक्ट असेसमेंट्स’ असे शीर्षक असते. त्या यादीत डासनियंत्रणापासून मेलो-रूसपर्यंत बरेच काही असते. तुमच्या देखभाल क्षेत्राचे नाव आणि सध्याची रक्कम तेथेच सापडते. ही रक्कम प्रथम वहीत टिपून ठेवावी, कारण पुढची सारी तुलना तिच्याशीच करायची आहे.

मत विचारले जाते, ते का

१९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रॉपोझिशन १३ (प्रॉपोझिशन म्हणजे मतदारांपुढे थेट मताला ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव) मंजूर केले. त्यामुळे मालमत्ता कराचा मूळ दर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला गेला, आणि मालकी बदलेपर्यंत किंवा नवे बांधकाम होईपर्यंत करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढणार नाही अशी तरतूद झाली. शहरांचे उत्पन्न आवळले गेले तेव्हा झाडे, दिवे, बागा यांचा खर्च भागवण्यासाठी अनेक शहरांनी १९७२ च्या लँडस्केपिंग अँड लायटिंग कायद्याखालच्या स्वतंत्र आकारण्यांचा आधार घेतला. या आकारण्या म्हणजे मागल्या दाराने आणलेला करच होय, अशी तक्रार वाढत गेली आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये मतदारांनी प्रॉपोझिशन २१८ मंजूर करून राज्यघटनेत १३ सी आणि १३ डी हे दोन अनुच्छेद घातले. नवी आकारणी बसवायची असो की जुनी वाढवायची असो, मालकांना मतपत्रिका पाठवणे तेव्हापासून बंधनकारक झाले.

याचा एक परिणाम नवागताने समजून घ्यावा. वसाहत उभी राहताना साऱ्या जमिनीचा मालक एकटा विकासक असतो आणि देखभाल क्षेत्राला संमती देणारी सहीही बहुधा त्याचीच असते. त्या वेळच्या मंजुरीत महागाईनुसार वाढीची तरतूद नसेल, तर तीच रक्कम वर्षानुवर्षे गोठून राहते, आणि दरम्यान पाण्याचे दर, विजेचे दर, माळ्यांची मजुरी, झाडे छाटण्याचे कंत्राट हे सारे वाढतच राहते. म्हणून एखादे शहर अचानक ७० किंवा ८० टक्के वाढ मागते, तेव्हा ती उधळपट्टी आहे असे लगेच समजू नये, आणि ती रास्तच असणार असेही धरून चालू नये. दोन्ही शक्यता खऱ्या असतात, आणि निवाडा करण्याचे साधन तुमच्या हाती दिलेले असते.

दुसरी पायरी: सूचनापत्र वाचा

मतपत्रिकेबरोबर आलेल्या सूचनापत्रात काय असलेच पाहिजे, हे राज्यघटनेनेच सांगितले आहे: संपूर्ण क्षेत्राची एकूण आकारणी, तुमच्या पार्सलची रक्कम, ती किती काळ चालणार, आकारणीचे कारण, रक्कम कोणत्या आधाराने काढली, जाहीर सुनावणीची तारीख, वेळ आणि जागा, मतपत्रिका भरून परत करण्याची रीत, आणि बहुमताने विरोध झाल्यास आकारणी लागू होणार नाही हे विधान. पत्र टपालात पडल्यापासून सुनावणीपर्यंत किमान ४५ दिवस जायला हवेत. हे ४५ दिवस अभ्यासासाठीच दिलेले आहेत, आणि सूचनापत्र घरात तीन आठवडे पडून राहिले तर त्यांतला निम्मा वेळ हातचा गेलेला असतो.

‘किती काळ’ या ओळीवर विशेष लक्ष द्यावे. देखभालीच्या आकारणीला बहुतेक वेळा शेवटची तारीख नसते. रोखे काढून बांधलेल्या कामाची आकारणी रोखे फिटले की संपते. झाडांना पाणी मात्र कायमच लागते.

तिसरी पायरी: अभियंत्याचा अहवाल मागवा

माझ्या मते सबंध प्रक्रियेत सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा दस्तऐवज हाच आहे. कॅलिफोर्नियात नोंदणीकृत असलेल्या व्यावसायिक अभियंत्याने तयार केलेल्या सविस्तर अहवालाशिवाय अशी आकारणी बसवताच येत नाही. तो शहर कार्यवाहांच्या (सिटी क्लर्क) कार्यालयात पाहायला मिळतो आणि बहुधा शहराच्या संकेतस्थळावरही असतो. त्यात क्षेत्राचा नकाशा, कामांचे वर्णन, खर्चाचा अंदाज, खर्च पार्सलांवर वाटण्याची पद्धत आणि प्रत्येक पार्सलच्या रकमेची यादी असते. सारा अहवाल वाचणे जमले नाही तरी खालील पाच ठिकाणे पाहिल्याशिवाय मत देऊ नये.

पहिले ठिकाण आहे विशेष लाभ आणि सर्वसाधारण लाभ यांची विभागणी. दुभाजकावरची झाडे तुमच्या वस्तीला शोभा देतात, पण त्या रस्त्याने साऱ्या शहराची वाहने जातात. घटनेनुसार तुमच्याकडून फक्त तुमच्या मालमत्तेला मिळणाऱ्या विशेष लाभाचा खर्च घेता येतो. बाकीच्यांना मिळणाऱ्या सर्वसाधारण लाभाचा वाटा शहराने दुसरीकडून भरायचा असतो. तेव्हा अहवालात तो वाटा आकड्याने दिला आहे का, आणि त्याचे पैसे कोठून येणार हे लिहिले आहे का, ते पाहावे. ही केवळ औपचारिकता नाही. सँटा क्लारा काउंटीत २००१ साली मोकळ्या जागांच्या संपादनासाठी साध्या घरामागे वर्षाला फक्त २० डॉलरची आकारणी बसवली गेली. मतपत्रिकांच्या मोजणीत ती मंजूरही झाली होती, आणि तरीही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ती रद्द ठरवली, कारण घटनेने मागितलेला विशेष लाभ आणि त्याचे प्रमाण सिद्ध होत नव्हते. सॅन डिएगोतील ग्रेटर गोल्डन हिल भागाच्या देखभाल क्षेत्राची आकारणीही २०११ साली अपील न्यायालयात टिकली नाही. तेथे दोन्ही लाभ वेगळे केलेले नव्हते आणि शहराच्या स्वतःच्या जमिनींच्या मतांना दिलेले वजनही नोंदींच्या आधारे सिद्ध होत नव्हते.

दुसरे ठिकाण म्हणजे वाटपाचे सूत्र. बहुतेक अहवालांत एका स्वतंत्र घराला १ एकक धरतात, त्याला ‘ईडीयू’, म्हणजे एका घराइतके एकक, असे म्हणतात. काँडोला (इमारतीतल्या मालकीच्या सदनिकेला) बहुधा त्याहून कमी, दुकानांना आणि कार्यालयांना एकरांच्या हिशेबाने, आणि रिकाम्या भूखंडाला आणखी निराळे प्रमाण लावतात. आपले पार्सल योग्य गटात आहे का, क्षेत्राचे उपविभाग पाडले असल्यास आपण योग्य उपविभागात आहोत का, याची खात्री करून घ्यावी. शाळा, उद्यान, अग्निशमन केंद्र अशा सरकारी मालमत्तांनाही सूट नसते. त्यांना कसलाच विशेष लाभ मिळत नाही असे स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने दाखवले, तरच त्या वगळता येतात. त्या यादीत नसतील तर कारण विचारावे.

तिसरे ठिकाण महागाईच्या कलमाचे. माझे आग्रहाचे सांगणे आहे की मतपत्रिकेवरची रक्कम एकदा पाहावी आणि हे कलम दोनदा वाचावे. तुम्ही आज मंजुरी देता ती केवळ पहिल्या वर्षाच्या रकमेला देत नाही, कमाल रकमेच्या सूत्राला देता. त्या सूत्रात ‘दरवर्षी ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढ’ असे लिहिले असेल, तर तेवढ्या वाढीसाठी शहराला पुन्हा कधीही मत घ्यावे लागत नाही, कारण कायदा तिला वाढ मानतच नाही. निर्देशांक कोणत्या भागाचा आहे, त्यावर वरची मर्यादा आहे का, निर्देशांकाच्या जोडीला आणखी एखादा ठरावीक टक्का जोडला आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. मर्यादा असलेले कलम मला योग्य वाटते. त्यामुळे झाडे वाळेपर्यंत रक्कम गोठत नाही आणि वीस वर्षांनी एकदम मोठा बोजा येत नाही. मर्यादा नसलेल्या कलमाबद्दल मात्र सुनावणीत स्पष्टीकरण मागितलेच पाहिजे.

चौथे म्हणजे शिल्लक. क्षेत्राच्या खात्यात राखीव निधी किती आहे, गेली काही वर्षे तो वाढला की आटला, आणि वाढीव आकारणीतला किती भाग तो भरून काढण्यासाठी आहे, हे वार्षिक अंदाजपत्रकावरून कळते. राखीव निधी भरपूर असूनही वाढ मागितली जात असेल, तर पुढे ठरलेले मोठे काम कोणते ते विचारावे.

पाचवे, प्रत्यक्ष काम. गवत किती दिवसांनी कापणार, झाडांची छाटणी किती वर्षांनी, फुटलेली पाण्याची नळी किती दिवसांत दुरुस्त होणार, हे कंत्राटाच्या वर्णनात असते. येथे एक ताजा मुद्दा लक्षात ठेवावा. २०२३ साली झालेल्या राज्य कायद्यानुसार कोणी वापरत नसलेल्या शोभेच्या हिरवळीला पिण्यायोग्य पाणी घालण्यास टप्प्याटप्प्याने बंदी येत आहे, आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या बहुतेक जागांना ती १ जानेवारी २०२७ पासून लागू आहे. तुमच्या दुभाजकावर अशी हिरवळ असेल, तर ती काढून कमी पाण्याची झाडे लावण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का, आणि त्यानंतर वाचणाऱ्या पाण्याचा हिशेब दाखवला आहे का, हे दोन्ही पाहावे.

चौथी पायरी: मताचे वजन समजून घ्या

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत वाढलेल्या माणसाला येथेच खरा धक्का बसतो. तेथे एका सभासदाला एक मत असते, मग त्याचा गाळा एका खोलीचा असो की चार खोल्यांचा. येथे मताला डॉलरचे वजन असते. तुमच्या पार्सलवर जेवढी रक्कम प्रस्तावित आहे, तेवढेच तुमच्या मताचे वजन.

कल्पनेतले एक उदाहरण घेऊ. एका क्षेत्रात स्वतंत्र घराची आकारणी १२० डॉलरवरून २१० डॉलरवर न्यायची आहे. काँडोला ०.७ एकक धरले आहे, म्हणजे त्याला १४७ डॉलर. एका व्यापारी संकुलाला ४० एकके धरली आहेत, म्हणजे त्याला ८,४०० डॉलर. वाढीच्या बाजूने ९० घरे आणि २० काँडो यांनी मत दिले: १८,९०० अधिक २,९४०, एकूण २१,८४०. विरोधात ७० घरे आणि ते व्यापारी संकुल: १४,७०० अधिक ८,४००, एकूण २३,१००. मतपत्रिका मोजल्या तर ११० विरुद्ध ७१ असा पाठिंबा दिसतो, पण वजनाने विरोध जड ठरतो आणि वाढ नामंजूर होते. याच सूत्राने उलटेही घडू शकते; शहराच्या मालकीच्या जमिनी क्षेत्रात असतील तर शहरालाही त्यांच्या रकमेइतके मत असते. म्हणून क्षेत्रातले मोठे पार्सलमालक कोण आहेत आणि शहर स्वतःच्या पार्सलांचे मत देणार आहे का, हे आधीच माहीत करून घ्यावे. वाढ मंजूर व्हावी असे वाटत असो वा होऊ नये असे, शेजारच्या वीस घरांशी बोलण्याइतकाच व्यापारी संकुलाच्या मालकाशी बोलण्यालाही येथे अर्थ आहे.

निर्णय होतो तो विरोधाच्या कसोटीवर. परत आलेल्या मतपत्रिकांत विरोधाचे वजन पाठिंब्यापेक्षा जास्त भरले तर आकारणी वाढवता येत नाही. दोन्ही समसमान असतील तर विरोध बहुमताचा ठरत नाही.

पाचवी पायरी: मत देण्याचा अधिकार कोणाचा

येथे आपल्या वाचकांच्या मनात सर्वांत मोठी शंका असते, म्हणून थोडे थांबून सांगतो. मत देण्याचा अधिकार मालकीतून येतो, नागरिकत्वातून नाही. तुम्ही एच-१बी व्हिसावर असाल, ग्रीन कार्डधारक असाल किंवा घर भाड्याने देऊन पुण्याला परतलेले असाल, तरी पार्सल तुमच्या नावावर असेल तर मतपत्रिका तुमची आहे. आकारणीच्या मतपत्रिकांची ही प्रक्रिया राज्यघटनेच्या मताधिकाराच्या अनुच्छेदाखालची किंवा निवडणूक संहितेखालची निवडणूक अथवा मतदान नाही, असे राज्याच्या कायद्यात स्पष्ट शब्दांत नमूद आहे.

मात्र या वाक्याचा अर्थ ताणू नये. मेलो-रूसच्या करावरचे, शाळांच्या रोख्यांवरचे किंवा नगरपरिषदेचे मतदान या खऱ्या निवडणुका आहेत. मतदार म्हणून नोंदणी करण्याचा फॉर्म नागरिक नसलेल्याने कधीही भरू नये. त्याचे परिणाम इमिग्रेशनमध्ये अतिशय गंभीर असतात. समोरचा कागद आकारणीची मतपत्रिका आहे की निवडणुकीची, याबद्दल तिळमात्र शंका असली तर आधी शहर कार्यवाहांना विचारावे, आणि नागरिकत्वाच्या अर्जात या गोष्टीचा उल्लेख करावा का असा प्रश्न पडल्यास इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा.

मालकीच्या बाबतीत व्यवहारात चार अडचणी येतात. घर नुकतेच घेतले असेल तर करनोंदवहीत अजून जुन्याच मालकाचे नाव असते आणि पाकीट त्याच्याकडे जाते. अशा वेळी खरेदीखताची नोंदणी झालेली प्रत दाखवून बदली मतपत्रिका मागावी. घर कौटुंबिक ट्रस्टच्या नावावर असेल तर विश्वस्ताने त्या नात्याने सही करावी. पती-पत्नी किंवा भावंडे संयुक्त मालक असतील तर एकमताने एकच मतपत्रिका पाठवणे उत्तम. दोघांनी दोन पाठवल्या तर त्या पार्सलचे वजन मालकीच्या हिश्शांप्रमाणे विभागले जाते. आणि भारतात राहणाऱ्यांनी कराचे बिल ज्या पत्त्यावर जाते तो पत्ता तपासून घ्यावा, कारण मतपत्रिकाही तेथेच जाते आणि आंतरराष्ट्रीय टपालात ४५ दिवस सहज संपतात.

सहावी पायरी: मतपत्रिका भरा आणि पोचवा

मतपत्रिका साधारणपणे एका पानाची असते. वर पार्सल क्रमांक, म्हणजे एपीएन, मालकाचे नाव आणि त्या पार्सलची प्रस्तावित रक्कम छापलेली असते. खाली ‘होय’ आणि ‘नाही’ अशा दोन चौकटी, आणि त्याखाली नाव, सही आणि तारखेसाठी रेघा. एपीएन कराच्या बिलाशी ताडून पाहावा. एकाच चौकटीत शाईच्या पेनाने खूण करावी. सही विसरू नये; सही नसलेली किंवा दोन्ही चौकटींत खूण असलेली मतपत्रिका बहुतेक शहरांच्या नियमांत बाद होते. खाडाखोड झाली तर बदली मतपत्रिका मागणे सुरक्षित. तुमच्या नावावर दोन पार्सले असतील तर मतपत्रिकाही दोन येतील, आणि दोन्ही पाठवाव्या लागतील.

पाठवण्याआधी फोनवर तिचे छायाचित्र काढून ठेवावे. मग ती दिलेल्या लिफाफ्यात घालून बंद करावी. मोजणी सुरू होईपर्यंत तो बंदच राहतो.

टपालाच्या शिक्क्याची तारीख येथे कामाची नाही. सुनावणीतील लोकांचे म्हणणे ऐकून संपण्यापूर्वी मतपत्रिका शहराच्या हाती पडली पाहिजे. शेवटच्या आठवड्यात टपालावर विसंबू नये. शहर कार्यवाहांच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्यावी, किंवा सुनावणीच्या सभागृहात द्यावी. त्याच क्षणापर्यंत दिलेले मत बदलता येते किंवा मागेही घेता येते. त्यामुळे घाईत ‘नाही’ लिहून पाठवल्यावर अहवाल वाचून मत बदलले, तर वाट बंद झालेली नसते.

सातवी पायरी: सुनावणीला जा

सुनावणी बहुधा नगरपरिषदेच्या नेहमीच्या सभेत असते आणि बोलण्यासाठी मिनिटे मोजून मिळतात. इंग्रजीत दोन-तीन प्रश्न लिहून न्यावेत आणि तेवढेच विचारावेत. ‘गेल्या वर्षी आमच्या उपविभागात किती खर्च झाला आणि शिल्लक किती राहिली’, ‘सर्वसाधारण लाभाचा वाटा कोणत्या निधीतून भरला जाणार आहे’, ‘निर्देशांकाच्या वाढीला वरची मर्यादा का नाही’, असे नेमके प्रश्न रागाच्या भाषणापेक्षा फार पुढे जातात, कारण त्यांची उत्तरे इतिवृत्तात येतात. आक्षेप कायदेशीर स्वरूपाचा असेल तर तो कारणांसह लिहून, शहराने त्यासाठी मुदत दिली असेल तर तिच्या आत, एरवी सुनावणी संपण्यापूर्वी दाखल करावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. पुढे वाद न्यायालयात गेलाच, तर आक्षेप वेळेवर मांडला होता याची नोंद असणे महत्त्वाचे ठरते.

सुनावणी संपल्यावर लिफाफे उघडले जातात. मोजणी करणाऱ्या व्यक्तीचा निकालात हितसंबंध नसावा लागतो, आणि शहराचे कर्मचारी किंवा त्या आकारणीच्या तयारीत अथवा प्रचारात सहभागी असलेली कंपनी मोजत असेल तर लिफाफे लोकांसमोर उघडून मोजावे लागतात. तेथे उभे राहून पाहण्याचा तुम्हाला अधिकार आहे. मोजणी सुरू झाल्यापासून मतपत्रिका आणि त्यांची वजने ही सार्वजनिक कागदपत्रे होतात आणि किमान दोन वर्षे जपून ठेवली जातात. याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा: हे मत गुप्त राहत नाही. कोणत्या घराने काय लिहिले हे शेजारी पाहू शकतात.

निकालानंतर काय होते

विरोध जड ठरला तर जुनी आकारणी जुन्याच कमाल रकमेने चालू राहते. मात्र खर्च तेवढ्यावर थांबत नाही. शहराला उपलब्ध पैशांत काम बसवावे लागते, म्हणून गवत कापण्याच्या फेऱ्या कमी होतात, मेलेल्या झाडाच्या जागी नवे लागत नाही, काही ठिकाणी पाणी बंद करून दुभाजकावर लाकडाचा भुगा पसरला जातो. ‘नाही’ म्हणणाऱ्याने या परिणामासह ‘नाही’ म्हणावे, आणि कोणती कामे कमी झालेली आपल्याला चालतील हेही शहराला सांगावे. बऱ्याच क्षेत्रांत रहिवाशांची सल्लागार समिती असते आणि हे बोलायची जागा तीच आहे. सुधारलेल्या सूत्राने शहर पुन्हा मतपत्रिका पाठवू शकते, आणि पहिल्या वेळी नोंदवलेले नेमके आक्षेप त्या वेळी उपयोगी पडतात.

विरोध जड ठरला नाही तर नगरपरिषद वाढ लागू करू शकते, पण तसे करणे तिच्यावर बंधनकारक नाही. लागू झाल्यास रक्कम पुढच्या मालमत्ता कराच्या बिलात येते. पहिला हप्ता १ नोव्हेंबरला देय होतो आणि १० डिसेंबरनंतर दंड लागतो. दुसरा १ फेब्रुवारीला देय होतो आणि १० एप्रिलनंतर दंड लागतो. गृहकर्जाच्या हप्त्यातून बँक कर भरत असेल तर बँकेने कापून घ्यायची मासिक रक्कमही पुढे वाढते, त्यामुळे ते पत्र आल्यावर दचकू नये.

१९७२ च्या कायद्याखालील क्षेत्रांत आकारणीचा अहवाल आणि अंदाजपत्रक दरवर्षी नगरपरिषदेपुढे यावे लागते. मंजूर कमाल रकमेपेक्षा कमी आकारणी करण्याची मुभा तिला त्या वेळी असते, म्हणून त्या वार्षिक सुनावणीची तारीखही शहर कार्यवाहांकडून विचारून घ्यावी. ऑक्टोबरचे बिल आले की आपल्या क्षेत्राच्या ओळीतली रक्कम मतपत्रिकेच्या छायाचित्राशी ताडून पाहावी. फरक आढळल्यास बिलावर त्या ओळीशेजारी छापलेल्या क्रमांकावर फोन करावा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर लेखी विचारणा करावी.